कोकिळाच्या लाल गाडीचे टायर

मुरुडच्या कोळीवाड्यात ती बुटकी, लाल, रुंद टायरांची गाडी पहिल्यांदा शिरली तेव्हा ती कुणाची हे कुणाला विचारावं लागलं नाही. असली गाडी घेणारी वाड्यात एकच मुलगी होती, धर्माजी तांडेलाची नेत्रा. ती पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर होती आणि सुट्टी मिळाली की गाडी घेऊन घरी यायची. होडीवरून उतरलेली माणसं खांद्यावरची जाळी न उतरवता गाडीभोवती एक फेरी मारायची आणि मगच घरचा रस्ता धरायची. गाडी तशी छोटीच, पण इंजिनाला टर्बो, बूड जमिनीला टेकल्यासारखं, आणि टायर असे की बाजूने बघावं तर रबराची नुसती काळी कड दिसावी.

त्या गाडीचा सगळ्यात जास्त नाद लागला तो नेत्राच्या आईला.

कोकिळाचं सगळं आयुष्य म्हावरं विकण्यात गेलेलं. लग्न होऊन रेवदंड्याहून मुरुडला आली तेव्हापासून डोक्यावर पाटी, पाटीत पापलेट नाहीतर सुरमई, आणि पहाटेची एसटी. वासामुळे कंडक्टर तिला मागच्या टोकाला पिटाळायचे, आणि ती मागच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून वळणं बघत बसायची. काशीदच्या पुढचा चढ, कोर्लईचा उतार, रेवदंड्याचा पूल. तो रस्ता तिला इतका पाठ होता की डोळे मिटूनही गाडी कुठे आली ते ती सांगायची. पुढे नागाव-अलिबागकडे बंगले वाढले, लॉज वाढले, आणि दारात ताजी मासळी आणून देणारी कोकिळा त्या बाजूला सगळ्यांना माहीत झाली.

आईला गाडी शिकवायची ही नेत्राचीच हौस. ओहोटीला मुरुडची पुळण, किनाऱ्याची वाळू, कडक होते, तिथे तिने आईला बसवलं. पन्नाशीला टेकलेली कोकिळा पहिल्या दिवशी घामाघूम झाली, दुसऱ्या दिवशी हसायला लागली, आणि पुढच्या सुट्टीत तिने गाडी अशी दामटली की शेजारी बसलेल्या नेत्रानेच दाराची मूठ घट्ट धरली.

मग कंपनीने नेत्राची बदली चेन्नईला केली. गाडी विकून टाकावी असं धर्माजीचं म्हणणं पडलं. नेत्राही तयार झाली, फोटोबिटो काढले. तेव्हा भाकरी थापता थापता कोकिळा म्हणाली, "मना दे."

धर्माजीने विचारलं, या गाडीत तू म्हावरं भरणार? कोकिळाने शांतपणे सांगितलं की म्हावरं नाही तर काय फुलं भरायची. मागची सीट दुमडून तिथे बर्फाचे थर्माकोलचे डबे बसतात की नाही, हे तिने आदल्याच दिवशी मोजून पाहिलं होतं.

अशी ती गाडी कोळणीची झाली. रोज सकाळी मुरुडहून निघायचं, नांदगाव, काशीद, बोर्ली करत अलिबागपर्यंत दारोदार मासळी द्यायची आणि दुपारी परत. लोक हसले, मग त्यांना सवय झाली. पण कोकिळाला वेगाची चटक लागली होती. एसटीच्या मागच्या खिडकीतून जन्मभर बघितलेली वळणं आता तिच्या हातात होती. काशीदच्या चढावर ती गाडी अशी घालायची की टायर किंकाळी फोडायचे, आणि ती किंकाळी ऐकून तिला बरं वाटायचं.

ते सुख वर्षभरही टिकलं नाही. एका सकाळी त्याच चढावर पुढचा डावा टायर फुटला. गाडी हेलकावली, कोकिळाने ती कशीबशी कडेला घेतली, पण मागचे डबे उलटले आणि डिकी उघडून अर्धे बोंबील रस्त्यावर सांडले. मागून येणारी एसटी थांबली. प्रवासी खाली उतरून बोंबील गोळा करायला लागले, त्यातले काही डब्यात आले आणि काही पिशव्यांत गेले. कोकिळा टायरापाशी वाकून बघत होती. आतल्या कडेला रबर संपून सुताचे धागे बाहेर आले होते.

अलिबागच्या बायपासवर सदाचं टायरचं दुकान आहे. सदा मूळचा तळा गावाकडचा, भातशेतीवाल्यांच्या घरचा. कमी बोलणारा, पण टायर हातात घेतला की बोलत सुटणारा. त्याने चारही चाकं काढली आणि मान हलवली. पुढचे दोन्ही टायर आतून गेले होते, मागच्यांत थोडा जीव होता. त्याने कोकिळाला समजावलं की या टायरांचं रबर मऊ असतं. मऊ म्हणूनच ते रस्ता घट्ट धरतात, आणि धरतात म्हणूनच झिजतात. साध्या गाडीचे कडक टायर यांच्या दुप्पट, कधी तिप्पट चालतात. हे टायर शहाण्या हातात चाळीस हजार किलोमीटर जातील, पोरासोरांच्या हातात पंधरा हजारांत संपतील.

"म्हंजे मी पोरासोरांत जमा," कोकिळा म्हणाली.

सदा हसला नाही. त्याने खरं काय ते सांगितलं. पुढच्या चाकांची दिशा एखाद्या खड्ड्यात बिघडली होती, हवा कमी होती, मागे बर्फाचा बोजा होता आणि वर वळणांवरची ती घासाघीस. ताई, आता कडक टायर घाला, असा सल्ला त्याने दिला. तुमचं काम म्हावरं पोचवायचं, शर्यत लावायचं न्हाय.

कोकिळाने विचार करायला चहा संपेपर्यंतचा वेळ घेतला. तिला कडक टायरांवरची गाडी माहीत होती. जन्मभर तसल्याच गाड्यांत बसली होती. या गाडीचं रस्त्याला चिकटून वळणं तिला सोडवत नव्हतं. ती म्हणाली, हेच टायर दे. फक्त ते टिकवायचे कसे ते शिकव.

त्याच वेळी दुकानात मृणाल बसली होती. ही अलिबागची दातांची डॉक्टर, आणि तिथल्या हौशी गाडीवाल्यांच्या किनारा मोटर मंडळाची चिटणीस. मंडळाने त्या वर्षी एक आगळी स्पर्धा काढली होती, आणि तिचीच पत्रकं ती सदाकडे द्यायला आली होती. सगळ्यांनी एकाच सुमारास एकाच जातीचे मऊ टायर नवे घालायचे, गाडी वर्षभर रोजच्या कामाला वापरायची, ठरावीक अंतर तरी चालवायचीच. वर्षाने रबर किती उरलं ते मोजायचं, आणि त्याच झिजलेल्या टायरांवर बंद मैदानात गाडी पळवायची. एक यादी टायर कुणी टिकवले त्याची, दुसरी कोण जोरात पळालं त्याची. दोन्ही याद्यांतले क्रमांक मिळवून ज्याची बेरीज कमी, तो पहिला. बरोबरी झाली तर जो जोरात पळाला त्याचा मान.

मृणालने सहज म्हणून विचारलं, काकू, नाव घालायचं का? सदा काही बोलायच्या आत कोकिळाने नाव सांगून टाकलं आणि चारही टायर नवे मागितले.

घरी धर्माजीने कपाळाला हात लावला. कोळीवाड्यात तर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कोकिळाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते वेगळंच. एक वर्ष आपल्याला हळू चालवावं लागणार, या विचारानेच तिचा जीव कसनुसा झाला.

पहिले काही दिवस तिने खरोखरच बैलगाडीसारखी गाडी हाकली. गिऱ्हाइकांकडे उशीर व्हायला लागला. नागावच्या लॉजवाला ऋत्विक तिची फाटकात वाट बघत उभा राहायचा. हा तिशीचा मुलगा, बापाचा लॉज चालवणारा, कोकिळाला मावशी म्हणणारा. त्याच्याकडेही तसलीच निळी गाडी होती आणि त्यानेही स्पर्धेत नाव घातलं होतं. मंडळातला तो सगळ्यात चांगला चालवणारा. त्याने एकदा सुरमई उतरवून घेताना हसत सांगितलं, मावशी, इतकं हळू जाऊन टायर वाचतील, पण मैदानात तुमच्या हाताची सवय मोडलेली असेल.

ते तिला पटलं. हाताची सवय मोडून चालणार नव्हतं. वेगही हवा होता आणि रबरही. दोन्ही एकदम कसं साधायचं, हे मात्र तिला सदानेही सांगितलं नाही, कारण सदाचं काम टायर बसवायचं, गाडी पळवायचं नव्हे.

ते तिला सापडलं तिच्या बर्फाच्या डब्यांत. एका सकाळी काशीदच्या वळणावर मागचे डबे सरकून डिकीच्या भिंतीवर आपटले, आणि त्याच क्षणी पुढचे टायर किंचाळले. दुसऱ्या वळणावर पुन्हा तसंच. तिच्या डोक्यात आलं की डबे आपटतात तेव्हाच टायर घासतो. म्हणजे डबे जागचे हलले नाहीत तर टायरही खरवडला जाणार नाही. त्या दिवसापासून तिने गाणी लावणं बंद केलं आणि मागे कान लावून गाडी चालवायला सुरुवात केली. वळणाआधी लवकर पाय उचलायचा, ब्रेक हळूहळू दाबायचा, हातातलं चाक एकदाच आणि लागेल तेवढंच फिरवायचं, वळण सुटायला लागलं की मग हळूच पळवायची. डबे गप्प राहायला लागले. डबे गप्प ठेवून ती रोज थोडा थोडा वेग वाढवत गेली. दिवाळीच्या आसपास सुरू झालेलं हे शिक्षण होळीपर्यंत अंगात मुरलं.

सदाने सांगितलेलं बाकीचंही ती निगुतीने करत होती. पहाटे चाकं थंड असताना हवा बघायची, बोजा असेल त्या दिवशी मागच्या चाकांत जास्त भरायची. मोठा खड्डा बसला की चाकांची दिशा तपासून घ्यायची. ठरल्या अंतराने पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करायचे, पण डावीकडचे डावीकडेच, कारण त्यांच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. दुपारी गाडी उन्हात न ठेवता सावलीत लावायची. धर्माजी वाड्यात सांगत फिरायचा की आमची बाई देवाच्या आधी टायरांच्या पाया पडते.

पावसाळ्यात होड्या बंद झाल्या, तरी खाडीच्या आणि बर्फातल्या म्हावऱ्यावर तिची फेरी चालू होती, आणि तेव्हाच घात झाला. मागचा उजवा टायर रोज सकाळी थोडा बसलेला दिसायला लागला. कोकिळाला वाटलं खिळा असेल. तिने हवा भरून काही दिवस तसंच चालवलं, आणि इथेच चुकली. सदाकडे गेली तेव्हा त्या टायराच्या दोन्ही कडा बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेल्या होत्या. खिळा नव्हताच. सदाने टायर रिंगेवरून उतरवला आणि बोट फिरवून दाखवलं. रिंगेच्या काठाला पांढरी भुकटी धरली होती. डब्यांतलं बर्फाचं खारं पाणी डिकीच्या फटीतून झिरपून रोज त्या चाकावर पडत होतं. मिठाने धातू खाल्ला होता आणि तिथून हवा सुटत होती.

सदाने काठ घासून साफ केला, लेप लावला, टायर बसवला. पण गेलेलं रबर परत येणार नव्हतं. येताना रेवदंड्याच्या पुलावर कोकिळाने गाडी बाजूला घेतली. इतके महिने कान लावून चालवलेली गाडी थोड्या दिवसांच्या आळसाने वाया जाते की काय, या विचाराने तिला रडू आलं. नेत्राला फोन करावा असं वाटलं, पण केला नाही.

संध्याकाळी तिने धर्माजीला काय झालं ते सांगितलं, ते चिडून सांगितलं. धर्माजी ऐकत होता. मिठाचं नाव निघालं तसा तो उठला. टायर, टर्बो, असलं त्याला काही कळत नव्हतं, पण खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे जन्मभर होडी हाकणाऱ्या तांडेलाला कोण शिकवणार? तो बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. दुसऱ्या दिवशी होडी बंदच होती, पावसाळी बंदी. त्याने डिकीत बसेल असं जाड पत्र्याचं ताट वळवून आणलं, त्याला कड काढली, एका कोपऱ्यात नळी बसवून पाणी चाकापासून लांब सोडलं. आणि त्या संध्याकाळपासून गोड्या पाण्याने चारही चाकं धुवायचं काम त्याने आपल्याकडे घेतलं. कुणी हसलं तर तो म्हणायचा, होडी धुतली तर हसत न्हाय, गाडी धुतली तर का हसता?

पुन्हा हवा उतरली नाही.

गणपतीत रस्त्यांची चाळण झाली, तीही कोकिळाने निभावून नेली. दिवाळी आली आणि गेली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नेत्रा चेन्नईहून मुंबईला येऊन लाँचने मांडव्याला उतरली आणि आई तिला घ्यायला गेली. दोघी मुरुडला निघाल्या. नेत्रा बराच वेळ आईच्या हातांकडे बघत होती. शेवटी ती काळजीने म्हणाली, "आये, तू हळू झालीस गं. उद्या कसं होणार?"

कोकिळाने तिला घड्याळ बघायला सांगितलं. नेत्राने बघितलं, मग बाहेर बघितलं, मग पुन्हा घड्याळ. त्या मुरुडच्या वेशीवर पोचल्या होत्या. नेत्रा स्वतः चालवायची तेव्हाही ती कधी इतक्या लवकर आली नव्हती. ब्रेक लागल्याचा धक्का नाही, टायरांचा आवाज नाही, म्हणून तिला वेग कळलाच नव्हता. नेत्राने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तळा गावाजवळच्या एका माळावर कारखान्यासाठी रस्ते आखून डांबर टाकलेलं आहे. कारखाना काही आला नाही. मंडळाने ती जागा मागून घेतली होती आणि रस्त्यांवर शंकू मांडून वळणांची वाट आखली होती. सकाळपासूनच ऊन तापलं. वीसेक गाड्या, त्यांच्याभोवती तरुण पोरं, कुणाची काळी, कुणाची निळी, सगळ्या चकचकीत. कोकिळा नेहमीसारखीच नऊवारी नेसली होती, केसांत अबोली होती. धर्माजी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि गाडीच्या चाकांपासून लांब जायला तयार नव्हता.

आधी मोजणी झाली. मृणालने एकेका टायरच्या खाचेत मोजपट्टी घालून आकडे घेतले. किती अंतर चालली आणि किती झिजली, याचा हिशेब लागला. कोकिळाच्या त्या मागच्या टायराने तिला मागे खेचलं, तरीही सगळ्यांत वर नाव तिचंच आलं. तिने बहुतेकांच्या दुप्पट अंतर चालवलं होतं. दुसरा ऋत्विक होता, फार मागे नव्हता.

टाळ्या वाजल्या. पण मागून कुणीतरी म्हणालं, मासळीचा टेंपो चालवल्यासारखं चालवलं तर रबर राहणारच. दुसऱ्याने भर घातली की आता पळवायची वेळ आली की कळेल. नेत्रा चिडून वळली, कोकिळाने तिचा हात दाबला. ते बोलले होते ते खोटं आहे हे दाखवायचं ठिकाण दहा पावलांवर आखलेलं होतं.

सरळ हिशेब होता. ऋत्विक पळण्यात पहिला येणार, यात कुणालाच शंका नव्हती. तो पहिला आणि कोकिळा दुसरी आली तर बेरीज सारखी होणार, आणि बरोबरीत मान पळणाऱ्याचा. म्हणजे जिंकायचं तर तिला ऋत्विकलाच मागे टाकावं लागणार होतं. दुसरी वाट नव्हती.

प्रत्येकाने न थांबता तीन फेऱ्या मारायच्या, तिन्हींची मिळून वेळ धरायची, आणि शंकू पडला तर वेळ वाढवायची. कोकिळाचा नंबर सगळ्यांत शेवटी होता, ऋत्विक तिच्या आधी गेला. पहिली फेरी त्याने अशी काढली की पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसरीही तशीच. तिसऱ्या फेरीत मात्र त्याचे पुढचे टायर तापून बोंबलायला लागले. लांब वळणावर गाडी बाहेर बाहेर ओढली गेली, ती त्याने मोठ्या हुशारीने आत आणली, एकही शंकू पडू दिला नाही. तरीही त्याची वेळ तोवरच्या सगळ्यांत चांगली होती. उतरून तो थेट कोकिळाकडे आला. त्याने सांगितलं, मावशी, शेवटच्या लांब वळणाचं डांबर फार तापलंय, तिथे जपा. हे त्याला सांगायची काही गरज नव्हती.

नियमाप्रमाणे गाडी रिकामी हवी होती. धर्माजीने स्वतः डबे आणि पत्र्याचं ताट बाहेर काढलं. मग खिडकीशी वाकून तो हळू आवाजात म्हणाला, "आज मागं म्हावरं न्हाय. आज कुणासाठी सांभाळतेस? सोड तिला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याने असं काही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने पदर खोचला आणि काच वर केली.

पहिल्या फेरीत तिने टायर नुसते जागे केले. बघणाऱ्यांना वाटलं बाई जपून चालली आहे, आणि वेळ ऋत्विकपेक्षा मागेच होती. दुसऱ्या फेरीत रबर ऊब धरून डांबराला चिकटायला लागलं, ते तिला हातातल्या चाकातून तळहातांना जाणवलं. वळण यायच्या आधी पाय उचलायचा, एकदाच वळायचं, आणि सुटायचं. रिकाम्या गाडीचं अंग हलकं झालं होतं. वर्षभर कान लावून ती जे शिकली होती ते आता पाय आणि हात आपणहून करत होते, तिला विचार करावा लागत नव्हता. दुसरी फेरी संपताना बाहेरचे लोक नीट दिसावं म्हणून पुढे सरकले होते.

तिसऱ्या फेरीत तिने गाडी सोडली. इतके महिने जे दाबून ठेवलं होतं ते सगळं सोडलं. इंजिन ओरडत होतं, माळावरचं गवत हिरव्या रेघा होऊन मागे पळत होतं, आणि टायर मात्र गप्प होते. इतरांचे ज्या ठिकाणी किंचाळले तिथे तिचे फक्त कुजबुजले. लांब वळण आलं. तिथे ऋत्विक बाहेर ओढला गेला होता. ती वळणात जराशी हळू शिरली, आणि वळण अर्ध्यावर आलं तेव्हा तिला कळलं की रबरात अजून जीव आहे, भरपूर आहे. तिने पाय पूर्ण दाबला. गाडी रेघ मारल्यासारखी आतल्या शंकूजवळून निघाली. कोकिळा मोठ्याने हसली; आत एकटीच होती, तरी हसली.

गाडी थांबवून ती उतरली तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे मृणालकडे बघत होते. मृणालने आपलं घड्याळ शेजारी वेळ धरणाऱ्याला दाखवलं, त्याने आपलं तिला दाखवलं, दोघांनी पुन्हा बेरीज केली. मग तिने माईक उचलला. ऋत्विकपेक्षा कोकिळाची वेळ कमी होती, एका सेकंदाहूनही कमी फरकाने, पण कमी होती. टायर टिकवण्यात पहिली, पळवण्यात पहिली.

सगळ्यांत आधी ओरडला तो ऋत्विक. त्याने धावत येऊन मावशीला उचललंच, आणि धर्माजीने डोळे वटारले तसं खाली ठेवलं. नेत्रा रडत होती आणि फोनवर फोटो काढत होती, दोन्ही एकदम. मघाशी टेंपो म्हणालेला मुलगा पुढे आला, टायरांवर हात ठेवून बघितला आणि म्हणाला, काकू, हे अजून कोमटच आहेत. मला हे शिकवाल का? कोकिळा म्हणाली, ये मुरुडला, आधी डबे उचलायला लावीन.

बक्षीस म्हणून ढाल होती आणि चार नवे टायर. ढाल धर्माजीने मांडीवर घेतली ती मुरुड येईपर्यंत सोडली नाही. टायर मात्र कोकिळाने सदाच्या दुकानातच ठेवून दिले. तिने सरळ सांगितलं की गाडीवरचे अजून चांगले चालतील, नव्यांना वेळ आहे. सदाने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि तळ्याला फोन करून आपल्या भावाला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली.

मुरुडच्या बाजारात कोळणी वाटच बघत होत्या. कुणीतरी बॉनेटवर झेंडूचा हार घातला, कुणी गाडीवरून नारळ ओवाळला, आणि गाडी बंदराच्या नाक्यापासून घरापर्यंत माणसांच्या पावलाने चालली. धर्माजी पुढे चालत वाट करून देत होता आणि भेटेल त्याला टायरातलं रबर आणि रस्त्याचं डांबर यांचं कसं जमतं ते समजावत होता. निम्मं चुकीचं सांगत होता, पण कोकिळाने त्याला टोकलं नाही.

पुढच्या आठवड्यात नीराबाई दारात आली. ती बाजारात कोकिळाच्या शेजारी बसणारी, जन्मभर एसटीनेच म्हावरं नेणारी. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या. नीराबाईने आढेवेढे घेतले नाहीत. गाडी शिकायची हाय, म्हणाली.

ओहोटी बघून कोकिळा त्यांना पुळणीवर घेऊन गेली. नीराबाईने पहिल्याच दिवशी गाडी मागे घेताना बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवात घातली, आणि वाळत घातलेले बोंबील काचेवर पडले. नीराबाई घाबरून खाली उतरली. कोकिळाने बोंबील झटकले, पुन्हा तिलाच बसवलं आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन पट्टा लावला. समोर पुळण लांबवर मोकळी पडली होती. ती म्हणाली, "घाबरू नको. दाब."